पपांचा बावीसशे, बाळाचा अठ्ठेचाळीसशे

बाकड्यावर बसून बसून कॉन्सेप्टाच्या कमरेचा पार भुगा झाला होता, पण उठून जायचं तरी कुठे? वरच्या मजल्यावर सून टाके सांभाळत पडलेली, इथे काचेच्या दाराआड नात नळ्या लावून ठेवलेली, आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला विहीणबाई शकु. दोघींच्या मध्ये दोन पिशव्या होत्या. एक मरोळहून आलेली, एक भांडुपहून. दोन्हींत बाळंतिणीसाठी लाडू होते, आणि दोघींनी कालपासून एकमेकींना पिशवीत काय आहे ते विचारलंही नव्हतं.

बाळ जन्मलं तेव्हा चांगलं ठणाणा रडलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र त्याचा श्वास भराभर चालायला लागला, छातीत कसलासा आवाज येतोय म्हणून बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खाली काचेत आणलं. आज सकाळी रक्त काढलं. "हृदयाची एक टेस्ट पाठवतेय. संध्याकाळी हृदयाचे डॉक्टर येऊन सोनोग्राफी करतील. घाबरू नका," असं म्हणून त्या ऑपरेशनला गेल्या. घाबरू नका म्हटलं की माणसं काय करतात ते जगाला ठाऊक आहे.

दुपारी जेवणाच्या वेळेला नेव्हिलचा फोन वाजला. लॅबवाल्यांनी रिपोर्ट सरळ त्याच्याच मोबाइलवर टाकला होता. त्याने तो उघडला, वाचला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"काय रे? बोल ना!" कॉन्सेप्टा म्हणाली.

"मम्मी, ही तीच टेस्ट आहे. पपांची होती ती."

पपांची टेस्ट म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला सांगायला लागत नव्हतं. गेल्या वर्षी विन्सेंटला आडवं झोपता येईना, पाय सुजून खांबासारखे झाले, तेव्हा हीच टेस्ट झाली होती. आकडा आला होता बावीसशे. डॉक्टर म्हणाले होते, हृदय दमलंय, पाणी मोजून प्या. त्या बावीसशेनेच तीन वर्षं उंबरा न ओलांडलेला नेव्हिल धावत घरी आला होता. शीतलशी रजिस्टर लग्न केलं म्हणून ज्या मुलाशी आई एक शब्द बोलत नव्हती, तोच बापाला खांद्यावर घेऊन जिना उतरला होता. पुढे गोळ्यांनी आकडा नऊशेवर आला, आणि घरात केक कापला होता. आता बोला.

"किती आलाय?"

"अठ्ठेचाळीसशे."

"नीट बघ."

"चार हजार आठशे, मम्मी. शेजारी लिहिलंय, एकशेपंचवीसच्या आत पाहिजे. लाल अक्षरात आलाय."

शकु उठून उभी राहिली. परभणीकडची ती, शाळेचे गणवेश शिवून शिवून तिने मुलीला इंजिनीअर केलेलं. कुणासमोर वाकायची नाही. पण आता तिचा आवाज बारीक झाला. "म्हंजे काय, जावईबापू? जास्त असणं चांगलं का वाईट?"

"वाईट, आई. खूप वाईट."

डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये. सिस्टर म्हणाली, रिपोर्टचं डॉक्टरच बोलतील, संध्याकाळी. मग नेव्हिलने कुवेतला बहिणीला व्हिडिओ लावला. बेव्हर्ली तिथे मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या आयसीयूत नर्स. पपांच्या वेळी सगळं तिनेच समजावलं होतं, त्यामुळे या बाबतीत घरात तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

"किती?" बेव्हर्लीने परत विचारलं. "हे बघ नेव्हिल, लहान बाळांचं मला काही माहीत नाही हं. मी मोठ्यांच्यात काम करते."

"तुझ्या पेशंटचा एवढा आला तर काय करता?"

"माझ्या पेशंटचा ना? ... तर आम्ही घरच्यांना बोलावून घेतो. पण मी सांगतेय ना, बाळांचं..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. घरच्यांना बोलावून घेतो, एवढंच कानात राहिलं. नेव्हिल खाली बसला आणि त्याने तोंड हातात झाकलं. शीतलला अजून सांगायचं नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कॉन्सेप्टाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बापाला बावीसशेने पाडलं, तो सहा फुटी माणूस. हे तर ओंजळीत मावणारं पोर.

तेवढ्यात वरून मदतनीस बाई वाटी घेऊन आली. शीतलने काढलेलं दूध. "आजींनी पाजायचंय, चमच्याने. सिस्टरने बोलावलंय."

एरवी एकेकीलाच आत सोडायचे. पण त्या दिवशी सिस्टर एकटी होती, तीन बाळं होती. "दोघी या. एकीने धरा, एकीने पाजा. हात धुवा आधी," एवढं सांगून ती कोपऱ्यातल्या दुसऱ्या बाळाकडे वळली.

शकुने बाळाला मांडीवर घेतलं. डोक्याला पिवळी टोपी, नाकाला बारीक नळी. कॉन्सेप्टा चमच्याने दूध सोडू लागली. बाळाने पहिला चमचा संपवला आणि तोंड उघडं ठेवलं. दुसरा संपवला. चमचा मागे नेला की जिभेने शोधायला लागायचं. वाटी चाटूनपुसून रिकामी झाली. हे सगळं दोघींच्या डोळ्यांदेखत झालं, पण बघत कोण होतं? कॉन्सेप्टाच्या डोळ्यांपुढे लाल आकडा नाचत होता.

शेजारी चमचा विसळायला उकळून गार केलेलं पाणी झाकून ठेवलं होतं. तिने चमचा त्यात बुडवला. विसळण्यासाठीच बुडवला होता, देवाशपथ. पण भरलेला चमचा वर आला आणि तिचा हात थांबला.

मरणाच्या दारातल्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. फादर लागत नाही, चर्च लागत नाही. साधं पाणी आणि चार शब्द पुरतात. लहानपणी मरोळच्या चर्चमध्ये हे घोकून घेतलं होतं, आणि तिच्या आईने शेजारच्या घरात एकदा केलंही होतं. पण इथे तर शब्द दिलेला. नेव्हिल आणि शीतलने बाळ व्हायच्या आधी दोन्ही घरांना समोरासमोर बसवून ठरवून घेतलं होतं: ना चर्चचं पाणी, ना बुद्धविहारातला धागा. मोठं झालं की त्याचं ते ठरवेल. या अटीवरच सून बाळाला घेऊन मरोळला यायला तयार झाली होती. त्यासाठी विन्सेंटने माडीवरची खोली रंगवून घेतली, पाळण्याला नवी दोरी लावली. आणि अट सगळ्यांत जोरात कुणी लावून धरली होती? शकुनेच. "आमच्या बापजाद्यांनी एकदा सोडलं ते सोडलं. लेकराला कुणी पाणी घालायचं नाही," असं ती टेबलावर हात आपटून बोलली होती.

आता तीच शकु समोर, बाळ मांडीवर घेऊन. तिने कॉन्सेप्टाच्या हातातला चमचा पाहिला. तो तोंडाकडे नाही, कपाळाकडे निघालाय, हेही पाहिलं. कॉन्सेप्टाला वाटलं, आता ही किंचाळणार.

शकुने बाळाच्या डोक्यावरची टोपी काढली.

"लवकर करा," ती पुटपुटली. "सिस्टर बघेल."

कॉन्सेप्टाने बाळाचं नाव घेतलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा थेंब थेंब पाणी सोडलं. बाळाने कपाळाला आठ्या घातल्या. शकुने पदराने केस पुसले, टोपी परत चढवली, आणि दोघी बाहेर येऊन बाकड्याच्या आपापल्या टोकाला बसल्या.

हृदयाचे डॉक्टर आले तेव्हा उन्हं उतरली होती. डॉक्टर गावडे; तरुणच होते, पण डोळ्यांखाली काळं, सकाळपासून तीन हॉस्पिटलं करून आलेले. काचेआड बराच वेळ त्या छोट्या छातीवर यंत्र फिरवून ते बाहेर आले. नेव्हिलने फोन पुढे केला.

"हा तुमच्याकडे कधी आला?"

"दुपारी."

"आणि तेव्हापासून तुम्ही सगळे असेच बसलाय?" डॉक्टरांनी कपाळ चोळलं. मग स्टूल ओढून ते समोर बसले. "ऐका. आकडा बरोबर आहे. त्याच्या शेजारी छापलंय ना, एकशेपंचवीस, ते तिच्यासाठी नाही. ते तुमच्या-माझ्यासाठी. मशीन वय बघत नाही, सगळ्यांना तेच छापतं."

"म्हणजे?"

"पोटात असताना बाळाची फुप्फुसं काम करत नाहीत. जन्मलं की सगळं रक्त नव्या वाटेने फिरायला लागतं. हृदयाला एकदम नवं काम लागतं. त्यामुळे पहिल्या दिवसांत हा आकडा हजारांतच असतो, सगळ्याच बाळांचा. काही बाळांचा हिच्या दुप्पट असतो आणि ती मजेत असतात. मग दिवसादिवसाने उतरतो."

"माझ्या नवऱ्याचा बावीसशे होता," कॉन्सेप्टा म्हणाली. "तो मरायला टेकला होता, डॉक्टर."

"आजी, त्यांचा बावीसशे आणि हिचा अठ्ठेचाळीसशे, या दोन वेगळ्याच गोष्टी. पण असंही नाही हं, की बाळाचा आकडा कितीही येऊ दे, चालतंय. नुसत्या आकड्यावर काहीच ठरत नाही. वय किती दिवसांचं, सोनोग्राफीत काय दिसतं, परत काढला तर उतरतोय की चढतोय, हे सगळं एकत्र बघतात. सोनोग्राफी चांगली आहे. एक बारीक भोक आहे, बहुतेक बाळांना असतं, बुजून जाईल. श्वास वाढला होता तो फुप्फुसात थोडं पाणी राहिल्यामुळे, तोही उतरतोय. बरं, दूध कसं पिते?"

दोघी विहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"दमते का पिताना? घाम येतो? मध्येच सोडून देते?"

"नाही," शकु म्हणाली. "चमचा सोडत नव्हती."

"मग? दमलेल्या हृदयाचं बाळ असं पीत नाही. हे मला रिपोर्टच्या आधी सांगायचं होतं तुम्ही."

डॉक्टर गेले. नेव्हिल दोन दोन पायऱ्या ओलांडत शीतलकडे पळाला. कॉन्सेप्टाने क्रूसाची खूण केली, आणि मग कुठे तिला तो चमचा आठवला. एकाच दिवसात नात परत मिळाली आणि दिलेला शब्द गेला.

शकुने मधल्या दोन्ही पिशव्या उचलून खाली ठेवल्या आणि ती सरकून जवळ बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"ते... मिटवता येतं का? फादरला सांगून?"

"नाही शकुताई. एकदा झालं की झालं."

"मग कुणाला सांगायचंच नाही. तुम्ही, मी, बस्स."

"बस्स," कॉन्सेप्टा म्हणाली. तिला इतका थकवा आला होता की त्या क्षणी तिने कशालाही हो म्हटलं असतं.

घरी सोडायच्या दिवशी सगळं कसं छान जुळून आलं होतं. बाळाची नळी निघाली होती. शीतल पोटावर हात धरून हळूहळू चालत खाली आली, हॉस्पिटलच्या दाराशी पायरीवर टेकली. बाळ तिच्या मांडीवर. नेव्हिल गाडीत सामान भरत होता. गाडी मरोळला जाणार होती. विन्सेंटचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता: पंखा लावून ठेवू का, बाळाला चालेल का?

"मम्मी," शीतल म्हणाली, "एक बोलू? रागावू नका."

"बोल ना, बाय."

"मला वाटलं होतं तुम्ही पाणी घालणार. ती काचेत गेली ना, त्या दिवशी मला झोपच नाही. नेव्हिलला म्हटलं, तुझी मम्मी आता शब्द मोडणार बघ. तो म्हणाला नाही मोडणार." शीतलचे डोळे भरून आले होते. "एवढा वाईट रिपोर्ट बघूनसुद्धा तुम्ही थांबलात. माझ्याकडून चूक झाली. सॉरी."

शकु पिशवीत जास्तीची टोपी कोंबत होती, तिचा हात थांबला. तिने कॉन्सेप्टाकडे पाहून मान किंचित हलवली. नको. काही बोलू नका.

कॉन्सेप्टालाही तेच हवं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गाडीत बसायचं, मरोळ गाठायचं, पाळणा हलवायचा. पण पोरीने सॉरी म्हटलं आणि ते काही तिच्या घशाखाली उतरेना.

"घातलं मी," ती म्हणाली. "पाणी. त्याच दुपारी. ती जाणार असं वाटलं मला. शब्द मोडला मी, शीतल."

नेव्हिल डिकीशी तसाच उभा राहिला. "मम्मी! काय हे यार!"

"त्यांना एकट्यांना नका बोलू," शकु म्हणाली. "टोपी मी काढली."

"आई? तू?"

"मी. मला वाटलं, देव असो नसो, लेकराला कुणी तरी धरून ठेवू दे."

शीतल दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. ओरडेल, रडेल, काहीतरी करेल म्हणून कॉन्सेप्टा वाट बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नाव काय घेतलंत?"

"काय?"

"नाव घ्यावं लागतं ना त्यात. काय घेतलं? फिलोमिना?"

फिलोमिना कॉन्सेप्टाच्या आईचं नाव. मुलगी झाली तर हेच, म्हणून नऊ महिने तिने ते सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडलं होतं. आणि शीतलने ठरवलेल्या नावाला, हे काय सर्दीचं औषध आहे का, म्हणून नाक मुरडलं होतं. शीतलसमोर आजवर ते नाव तिने तोंडाने घेतलं नव्हतं, बाळाला नुसतं बाय म्हणायची.

"अनोमा," ती म्हणाली. "अनोमाच म्हटलं. दुसरं आठवलंच नाही मला. तुझी पोर, तू ठेवलेलं नाव."

शीतलने मान खाली घातली. बाळाच्या कानावरचं दुपटं सारखं केलं. बराच वेळ तिने ते सारखं केलं.

"पाण्याचं मला काही नाही, मम्मी," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी थकलेला. "सुकलं ते. पण तुम्ही दोघींनी तिला मरायला तयार केलंत. मी वर बसून तिच्यासाठी दूध काढत होते. टाके ओढत होते, येत नव्हतं, तरी काढत होते. आणि तेच दूध पाजून तुम्ही खाली तिचा निरोप घेत होतात. एका आकड्यावर? तिच्याकडे बघितलं तरी का तुम्ही?"

ती खोटं काहीच बोलत नव्हती.

"नेव्हिल, गाडी आपल्या घरी घे."

"मरोळला?"

"आपल्या. मुलुंडला."

"अगं पण पपांनी खोली..."

"मला आत्ता कुणाकडेच नाही जायचं. ना मरोळ, ना भांडुप. मला झोपायचंय."

नेव्हिलने आईकडे पाहिलं. कॉन्सेप्टाने मानेनेच सांगितलं, घे, ती म्हणते तसं कर. बाळंतिणीशी वाद घालायचा नसतो, आणि घालायला उरलं तरी काय होतं?

गाडीत बसायचं तर शीतलला एका हाताने दार धरायला लागणार, दुसऱ्या हाताने टाके. बाळ कुणाकडे तरी द्यायला हवं होतं. नेव्हिल पुढे झाला, पण शीतलने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने बाळ कॉन्सेप्टापुढे धरलं.

"घ्या. आणि बघा तिच्याकडे. कशी आहे सांगा मला."

कॉन्सेप्टाने नातीला हातात घेतलं. टोपीखालून काळेभोर केस आले होते. गाल लाल, ओठांचा चंबू, मान एकदा इकडे एकदा तिकडे. मग तिने आजीच्या ब्लाऊजच्या बाहीला तोंड लावलं, काहीच मिळेना तशी तोंड वाकडं करून भोकाड पसरलं. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

"भूक लागलीय तिला," कॉन्सेप्टा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिने पुसलं नाही. हात मोकळा नव्हता.

"हं," शीतल म्हणाली. "द्या इकडे."

गाडी निघून गेली. वळणापर्यंत ते रडणं ऐकू येत होतं. मागे फुटपाथवर दोघी विहिणी आणि लाडवांच्या दोन पिशव्या. सामानाच्या गडबडीत त्या द्यायच्याच राहिल्या होत्या.

"येऊ देईल ती आपल्याला," शकु म्हणाली. "आज नाही. पण देईल." मग स्वतःलाच विचारल्यासारखं, "देईल ना?"

कॉन्सेप्टाला ठाऊक नव्हतं. फोन वाजला. विन्सेंट. मागे त्याने पंखा लावला होता, तो घरघरत होता.

"निघालात का? मी खिडकीतच उभा आहे."

"बस तू, विन्सेंट. जिने चढउतार करू नकोस. ती सगळी मुलुंडला गेली."

पलीकडे बटण टक्कन वाजलं. पंख्याची घरघर थांबली. मग त्याने एका आजाऱ्याने दुसऱ्या आजाऱ्याबद्दल विचारावं तसं विचारलं, "परत रक्त काढलं होतं ना? आकडा किती आला?"

"विचारला नाही मी," कॉन्सेप्टा म्हणाली. "भूक लागली होती तिला. रडत गेली."